पथ्य आणि ताट : पीसीओडी असलेल्या किशोरवयीन मुलींच्या आहाराचा विचार

१. विषयप्रवेश

आहाराविषयीचा सल्ला हा शेवटी शब्दांत दिलेला सल्ला असतो. डॉक्टर तो सांगतात, आई तो ऐकते, आजी त्याचा अर्थ लावते, आणि मुलीच्या ताटात जे पडते ते ह्या लावलेल्या अर्थाप्रमाणे पडते. रत्नागिरी जिल्ह्याच्या बाबतीत ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावयास हवी. घरचा कर्ता पुरुष चाकरमानी म्हणून मुंबईस आणि घर स्त्रियांच्या हाती, ही ह्या जिल्ह्याची जुनी रीत होय. २०११ च्या जनगणनेत येथे दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया आढळल्या, ह्याचे कारणही बव्हंशी तेच आहे. अशा घरांत मुलीने काय खावे व काय खाऊ नये ह्याचा निर्णय पुस्तकाच्या भाषेत होत नाही; तो चुलीजवळच्या भाषेत होतो.

जो विकार आज घरोघर 'पीसीओडी' ह्या आद्याक्षरी नावाने ओळखला जातो, त्यात आहाराला औषधाइतकेच महत्त्व आहे. ह्या विकारात मुलीने काय खावे ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्याबरोबरच गाठ, पाळी, डाएट, उपास आणि पथ्य हे पाच शब्द त्या खाण्यावर कोणता परिणाम घडवितात हेही पाहिले आहे. ह्या दोन गोष्टी वरवर भिन्न दिसल्या, तरी प्रत्यक्षात त्या एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत.

२. 'गाठ' हा शब्द आणि विकाराचे स्वरूप

१९३५ साली शिकागो येथील स्टाइन आणि लेव्हेंथाल ह्या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या अंडाशयांत अनेक लहान लहान द्रवयुक्त पोकळ्या दिसल्या, आणि त्यांवरून पुढे विकाराला 'अनेक सिस्ट असलेले अंडाशय' अशा अर्थाचे नाव रूढ झाले. वस्तुतः ह्या पोकळ्या म्हणजे नवीन उपजलेला रोग नव्हे. अंडाशयात प्रत्येक महिन्यास काही बीजपुटिका वाढू लागतात व त्यांपैकी एक पूर्ण वाढून तीतून बीज बाहेर पडते. ह्या विकारात अनेक पुटिका वाढू लागतात, परंतु एकही शेवटास जात नाही. अर्धवट वाढलेल्या ह्या पुटिकाच सोनोग्राफीत माळेसारख्या दिसतात. नाव चुकीच्या गोष्टीवर बोट ठेवते हे जाणून २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने नाव बदलण्याची शिफारस केली होती.

इंग्रजीत जे नाव केवळ दिशाभूल करणारे होते, ते मराठीत आल्यावर भीतिदायक झाले. 'सिस्ट' ह्या शब्दास बोलीत सहज सापडणारा प्रतिशब्द म्हणजे 'गाठ'. आणि आजाराच्या संदर्भात 'गाठ' म्हटले की मराठी माणसाच्या मनात कर्करोगाची शंका उभी राहते. 'अंडाशयात गाठी झाल्या आहेत' हे वाक्य ऐकणाऱ्या आईस मुलीच्या ताटातील भाताचा विचार सुचणे शक्य नाही. गाठ म्हणजे कापून काढावयाची वस्तू. तिच्यापुढे भाकरी आणि उसळ ह्यांची चर्चा पोरकट वाटते. म्हणून 'गाठ' हा शब्द येथे टाळावा, आणि 'बीज पूर्ण पिकत नाही' असे साध्या मराठीत सांगावे. पिकणे ही क्रिया कोकणात कोणासही समजावून द्यावी लागत नाही.

बीज का पिकत नाही, ह्याच्या उत्तरात आहाराचा संबंध येतो. अन्नातील पिष्टमय पदार्थांची साखर होऊन ती रक्तात उतरली म्हणजे स्वादुपिंड इन्सुलिन स्रवते, व ते इन्सुलिन साखर पेशींत पोचविते. ह्या विकारातील पुष्कळ मुलींच्या पेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. म्हणून स्वादुपिंडास अधिक इन्सुलिन सोडावे लागते. हे वाढलेले इन्सुलिन अंडाशयास पुरुषी संप्रेरके अधिक प्रमाणात तयार करावयास लावते. शिवाय त्या संप्रेरकांना रक्तात बांधून ठेवणारे जे प्रथिन यकृतात तयार होते, त्याचे प्रमाण ते घटविते. परिणामी बीजाची वाढ अडते, पाळी लांबते, ओठांवर व हनुवटीवर राठ केस येतात आणि मुरमे दीर्घकाळ टिकतात. काही मुलींच्या मानेवर काळसर, जाडसर पट्टा उमटतो. त्यास 'मळ' समजून मुलीस मान घासावयास लावण्यात येते. वास्तविक ती पेशींनी इन्सुलिनला दाद न दिल्याची खूण असते.

३. 'पाळी चुकणे'

'पाळी' ह्या शब्दाचा मूळ अर्थ क्रमाने येणारी वेळ असा आहे. 'मासिक' हे विशेषण त्यास जोडले की दर तिसाव्या दिवशी ती आलीच पाहिजे, असा समज होतो. किशोरवयात हा समज खरा ठरत नाही. पहिली पाळी आल्यानंतरच्या पहिल्या वर्षात अनियमितता स्वाभाविक असते. त्यानंतर तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत एकवीस ते पंचेचाळीस दिवसांचे अंतर प्राकृत मानले जाते. पुढे ही मर्यादा एकवीस ते पस्तीस दिवस अशी होते. पहिल्या वर्षानंतर कोणतेही अंतर नव्वद दिवसांहून अधिक झाल्यास मात्र तपासणी अवश्य करावी.

निदानाच्या बाबतीत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या व २०२३ साली सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची भूमिका स्पष्ट आहे. किशोरवयीन मुलीत पाळीची अनियमितता आणि पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य ही दोन्ही लक्षणे असली तरच विकाराचे निदान करावे, आणि पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांपर्यंत निदानासाठी सोनोग्राफीवर विसंबू नये. ह्या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयांतही अनेक पुटिका दिसतात, हे त्याचे कारण होय. थायरॉइडसारखी अन्य कारणे आधी तपासून पाहावी लागतात. एकच लक्षण असलेल्या मुलीस 'धोका संभवतो' एवढेच सांगून पुढे पुन्हा तपासावे, असे ही तत्त्वे सांगतात.

परंतु मुलगी डॉक्टरपर्यंत पोचते केव्हा ? मराठीत 'पाळी चुकली' ह्या शब्दप्रयोगाचा रूढ अर्थ गर्भधारणा असा आहे. विवाहित स्त्रीच्या बाबतीत ते शुभवर्तमान असते. अविवाहित मुलीच्या बाबतीत तेच वाक्य आरोप होऊन बसते. म्हणून ते उच्चारलेच जात नाही. 'अडचण', 'कावळा शिवणे', 'बाहेरची होणे' असे आडवळणाचे शब्द पाळी आल्याचे सांगण्यासाठी आहेत. ती न आल्याचे सांगण्यासाठी मात्र निर्दोष असा एकही शब्द नाही. ह्या मौनात वर्ष-दीड वर्ष सहज निघून जाते. मुरूडच्या कर्वे घराण्यातील रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी १९२७ ते १९५३ ह्या काळात 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवून शरीराविषयी उघड मराठीत लिहिता येते हे दाखवून दिले होते. त्यांच्या जिल्ह्यातील मुलीस 'दोन महिने पाळी आली नाही' हे वाक्य आजही चोरून बोलावे लागावे, हे विचार करण्याजोगे आहे. 'चुकली' ऐवजी 'लांबली' हे क्रियापद वापरले तरी पुष्कळ साधेल. त्यात दोषाचा ध्वनी नाही.

४. ताटाची मांडणी

आता प्रत्यक्ष आहाराकडे वळावयाचे. ह्या विकारावर रामबाण असा कोणताही एक आहारप्रकार सिद्ध झालेला नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. वर उल्लेखिलेली आंतरराष्ट्रीय तत्त्वेही हेच सांगतात : समतोल आणि मुलीस दीर्घकाळ निभावणारा आहार तो चांगला. दूध बंद करणे, गहू वर्ज्य करणे, महिन्याच्या अर्ध्या-अर्ध्या भागात ठराविक बिया खाणे इत्यादी जे उपाय कानोकानी पसरतात, त्यांना असा भक्कम आधार नाही. तत्त्व एकच आहे : रक्तातील साखर एकदम चढू नये व इन्सुलिनची मागणी वाढू नये, अशी ताटाची वाटणी असावी, आणि वाढत्या वयास लागणारी प्रथिने, लोह व चुना ह्यांत तूट येऊ नये.

कोकणच्या ताटात दोष पदार्थांचा नसून प्रमाणाचा आहे. भाताचा डोंगर, त्यावर पातळ आमटी आणि कडेला चमचाभर भाजी, अशी मांडणी पुष्कळ घरांत दिसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांनुसार ताटाचा सुमारे निम्मा भाग भाज्या व फळे ह्यांनी भरावा आणि एकूण उष्मांकांपैकी पंचेचाळीस टक्क्यांहून अधिक उष्मांक धान्यांतून येऊ नयेत. ह्याचा अर्थ भात सोडावा असा नव्हे. भाताची मूद लहान करावी आणि उसळीची वाटी मोठी करावी, एवढाच त्याचा अर्थ आहे.

धान्यांत नाचणीचा विचार प्रथम करावा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अन्नघटकांच्या कोष्टकानुसार शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम चुना आणि ११ ग्रॅम तंतुमय भाग असतो. सडलेल्या पांढऱ्या तांदळात चुना दहा मिलिग्रॅमहूनही कमी आणि तंतुमय भाग तीन ग्रॅमांच्या आत असतो. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीस दिवसाकाठी १०५० मिलिग्रॅम चुना लागतो, असे २०२० सालचे प्रमाण आहे. म्हणजे पन्नास ग्रॅम पिठाची एक भाकरी ह्या गरजेचा सुमारे सहावा हिस्सा पुरविते. तथापि नाचणी हेही शेवटी धान्यच आहे. चार भाकऱ्या खाल्ल्याने लाभ चौपट होत नाही; आणि साखर घातलेले नाचणीचे सत्त्व किंवा नाचणीची बिस्किटे ही तर निराळीच वस्तू झाली. तांदूळ खावयाचा तो शक्य तेथे उकडा किंवा कमी सडलेला असावा.

प्रथिनांसाठी कुळथाइतके स्वस्त व हाताशी असलेले साधन दुसरे नाही. शंभर ग्रॅम कुळथात सुमारे बावीस ग्रॅम प्रथिने असतात. वर सांगितलेल्या वयाच्या मुलीस दिवसास ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. तीस ग्रॅम कुळथातून त्यांचा सातवा हिस्सा मिळतो. परंतु कुळथाची पिठी पाण्यासारखी पातळ करून भाताच्या डोंगरावर ओतली तर प्रथिनांचे नाव तेवढे राहते. ती घट्ट करावी, किंवा मोड आलेल्या कुळथांची उसळ करावी. चवळी, मटकी, वाल आणि पावटे ह्यांचीही योजना अशीच करावी. मासे खाणाऱ्या घरांत बांगडा आणि तारली हे दोन मासे विशेष उपयोगी होत. त्यांत उत्तम प्रथिने असून हृदयास हितकर असा स्निग्धांशही असतो. कालवणातील मासा तळलेल्यापेक्षा बरा. जून-जुलै ह्या मासेमारीबंदीच्या महिन्यांत सुक्या मासळीवर सारा भार टाकू नये, कारण तीत मीठ फार असते. त्या दिवसांत कडधान्ये आणि अंडी ह्यांचा उपयोग वाढवावा.

लोहाचा प्रश्न ह्या मुलींच्या बाबतीत दुहेरी असतो. पाळी लांबली तरी ती आली म्हणजे कित्येकदा अतिशय रक्तस्राव होतो, आणि ह्या वयास लोहाची गरज मुळातच मोठी, दिवसास तीस-बत्तीस मिलिग्रॅमपर्यंत, असते. पावसाळ्यात टाकळा, भारंगी, कुर्डू, अळू आणि एरवी शेवग्याचा पाला ही संपत्ती कोकणात परसातच उगवते. तिच्यावर लिंबू पिळावे व जेवणाबरोबर चहा घेऊ नये. चहामुळे वनस्पतिजन्य लोहाचे शोषण घटते. सकाळी चहा आणि बिस्किट एवढ्यावर शाळेस जाणाऱ्या मुलीने त्याऐवजी आंबोळी किंवा नाचणीचे घावन आणि त्यासोबत अंडे अथवा उसळ खाल्ली, तर दुपारपर्यंत तिला भुकेची ओढ लागत नाही. संध्याकाळी फरसाणाऐवजी फुटाणे, मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा एक फळ असावे.

हापूसचा प्रश्न रत्नागिरीत टाळून चालणार नाही. 'आंबा बंद' असा आदेश एप्रिल-मे महिन्यांत येथे कोणीही पाळणार नाही, आणि तो देण्याचे कारणही नाही. अख्खे फळ हे तंतुमय भागासह येते. मध्यम आकाराचा एक आंबा मधल्या वेळी खावा. पोटभर भातानंतर वर म्हणून खाऊ नये. साखर घातलेला आमरस आणि पुऱ्या, आंबावडी, आंबापोळी, सांदणे ह्यांची गणना फळांत न करता गोडात करावी. अन्नात वरून मिसळलेली साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत आणि शक्यतो पाच टक्क्यांच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचविले. पाच टक्के म्हणजे सुमारे सहा लहान चमचे होत. गूळ आणि काकवी ह्यांची गणनाही ह्याच सहा चमच्यांत करावयाची. पाळी यावी म्हणून 'उष्ण' पदार्थ म्हणून जो गूळ, तीळ व पपई ह्यांचा मारा मुलीवर केला जातो, त्याने बीज पिकण्यास मदत होत नाही. गुळाने इन्सुलिनची मागणी मात्र वाढते.

आहारास व्यायामाची जोड हवीच. ह्या वयात रोज सुमारे एक तास अंगास घाम येईल अशी हालचाल असावी, आणि आठवड्यातून तीनदा तरी स्नायूंना जोर पडावा. वापरात असलेले स्नायू रक्तातील साखर अधिक सुलभतेने घेतात, हे त्यामागील कारण होय.

५. 'डाएट' आणि 'उपास'

ग्रीक भाषेत 'दिआइता' ह्या शब्दाचा अर्थ राहणी, जीवनपद्धती असा होता. इंग्रजीतून मराठीत येताना त्याचा संकोच झाला. 'ती डाएट करते' ह्याचा मराठीत एकच अर्थ होतो : ती कमी खाते. त्यामुळे डॉक्टरांनी 'डाएट सांभाळा' असे म्हटले की घरी त्याचे रूपांतर 'जेवण कमी कर' असे होते. मुलगी डबा परत आणते, रात्रीचे जेवण सोडते, आणि दोन दिवसांनी भुकेच्या भरात नको ते खाते. २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे ह्या विकारात नैराश्य, चिंता व बिघडलेल्या खाण्याच्या सवयी ह्यांकडे लक्ष देण्यास सांगतात, आणि वजनावरून मुलीस हिणवू नये असे बजावतात, ते ह्यामुळेच.

शिवाय हा विकार स्थूल मुलींचाच असे समजणे चूक आहे. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी पंधरा ते चोवीस वर्षांच्या मुलींची पाहणी करून २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रॉटरडॅम येथे २००३ साली ठरलेले निकष लावता २२.५ टक्के मुलींत हा विकार आढळला. अधिक कडक निकष लावता हे प्रमाण १०.७ टक्के भरले. विकाराची व्याख्या बदलताच रुग्णांची संख्या निम्म्याहून खाली आली. ज्या मुलींत विकार आढळला त्यांपैकी सुमारे सत्तर टक्के स्थूल नव्हत्या. अशा सडपातळ मुलीस 'वजन उतरव' असे सांगणे म्हणजे तिला कुपोषणाकडे लोटणे होय. ज्यांचे वजन खरोखर अधिक आहे त्यांच्यात थोड्या घटीनेही पाळी सुधारू शकते. तथापि वाढत्या वयात ही घट उपासमारीने साधावयाची नसते.

'उपास' ह्या शब्दाची गोष्ट नेमकी उलट आहे. 'डाएट'ने जेवण सुटते, तर उपासाने पुष्कळदा वाढते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण मराठी माणसाने स्वतःच स्वतःविषयी रचली आहे. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ असून त्याची साखर वेगाने होते. वर बटाटा आणि तळण आले म्हणजे ताटातील समतोल पूर्णच ढळतो. ज्या घरी मुलीस उपास धरावयाचाच असेल, तेथे दही, ताक, शेंगदाणे, फळे आणि थोडी वरी एवढ्यावर तो निभवावा.

६. समारोप : 'पथ्य' शब्दाचे पुनर्वाचन

पथ्य म्हणजे काय खाऊ नये त्याची यादी, असा आज आपला समज आहे. शब्दाची व्युत्पत्ती तसे सांगत नाही. पाणिनीने 'धर्म्य', 'न्याय्य' इत्यादी शब्दांच्या बरोबरीने हा शब्द साधला आहे, व त्याचा अर्थ 'पथापासून न ढळलेले' असा होतो. चरकसंहितेने पथ्याची व्याख्या करताना दोन अटी घातल्या आहेत : ते शरीराच्या मार्गांस बाधक नसावे आणि ते मनास प्रिय असावे. दुसरी अट आपण विसरलो. बोलीने मात्र शब्दातील हिताचा अंश जपून ठेवला आहे; 'पथ्यावर पडणे' ह्या वाक्प्रचारात निषेधाचा लवलेशही नाही.

ह्या मूळ अर्थाने पाहिले तर नाचणीची भाकरी, घट्ट पिठी, तारलीचे कालवण, टाकळ्याची भाजी आणि मोसमात एक हापूस हेच पीसीओडी असलेल्या रत्नागिरीच्या मुलीचे पथ्य होय. ते तिच्या ताटात अनोळखी नाही. फक्त त्याचे वाटे बदलावयाचे आहेत. केवळ आहाराने सर्व मुली बऱ्या होतील असे नव्हे. काहींना गोळ्या घ्याव्या लागतात, आणि तो निर्णय डॉक्टरांचा. परंतु हा विकार म्हणजे वंध्यत्व नव्हे. ह्या विकाराच्या पुष्कळ स्त्रियांना मुले होतात, कित्येकींना उपचारांवाचूनही. लग्नाच्या काळजीने विकार लपविण्यापेक्षा हे एक वाक्य घरात स्पष्टपणे बोलले जाणे अधिक हिताचे आहे.

भाषेच्या अभ्यासकास येथे निश्चित काम आहे. मुलींच्या हाती पडणारी आहारपत्रके बहुधा दुसऱ्या भाषेतून उतरविलेली असतात. त्यांत 'ओट्स' असते, कुळीथ नसतो. तालुक्यातालुक्यांतील अन्नपदार्थांची, रानभाज्यांची, मापांची आणि जेवणवेळांची नावे ऋतुवार गोळा करून ती आहारतज्ज्ञांच्या हाती दिली, तर पत्रकातील सल्ला आणि चुलीजवळची भाषा ह्यांतील अंतर पुष्कळ कमी होईल.